अक्काचं तंबूतलं इस्पितळ

प्रिय ईरा आणि कबीर,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची नागपूरची आजी सोफ्यावर मधोमध बसली होती आणि तुम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना. टीव्हीवर तुमची कुठलीशी मालिका चालू होती. पडद्यावरची मुलगी एका मुलाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. आजींनी विचारलं, "काय झालं गं हिला?" आणि ईरा, तू डोळ्याची पापणीही न लववता म्हणालीस, "आजी, तिचा मॅथ्सचा पेपर वाईट गेला." आजी म्हणाल्या, "अरेरे." त्याच क्षणी मी इकडे वेस्ट विंडसरमध्ये कॅमेरा बंद केला. तुम्हाला वाटलं, माझं इंटरनेट गेलं. इंटरनेट ठणठणीत होतं. मला हसू आवरत नव्हतं, एवढंच.

या आठवणी मी क्रमाने लिहिणार होते. तुमच्या आजोबांनी फाइलवर चिकटवायला लेबलंही छापून दिली आहेत, आणि क्रमाने गेलं असतं तर हे प्रकरण सातवं आलं असतं. पण रविवारनंतर मला थांबवेना. तू जो धंदा सुरू केला आहेस तो मी तुझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी असताना केला होता, आणि माझा तो पुढे चांगलाच अंगाशी आला. तेव्हा हे आधी वाचा. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून तुमची आई वाचून दाखवेल. वाचताना तिने एक अक्षरही गाळायचं नाही, ही तिला माझी ताकीद आहे. का, ते शेवटी कळेल.

मी सतरा वर्षांची होते आणि आम्ही पिस्कॅटवेला, विद्यापीठाजवळच्या लाल विटांच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा एका औषध कंपनीत केमिस्ट होते, आई विद्यापीठाच्या लायब्ररीत, आणि मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. चौथी अक्का. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, खरं तर माझी आत्या. पण बाबा अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्काच म्हणायचे. आई मात्र तिला रीतसर 'वन्सं' म्हणे. बाबा चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि पंधरा वर्षांच्या अक्काने त्यांना वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, तीन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी कऱ्हाडला परत आली आणि शिवणकाम करून बाबांना शिकवलं. त्यामुळे आमच्या घरात बाबांचं मत आणि अक्काचं मत अशी दोन मतं नसत. अक्काचं मत असे, आणि ते बाबा मोठ्या आवाजात सांगत.

ती आमच्याकडे आली ती दोन ट्रंका घेऊन. एकीत तिची नऊवारी लुगडी आणि दुसरीत मेतकूट, गोडा मसाला, सांडगे आणि तांदूळ निवडायची एक मोठी स्टीलची परात. इथले तांदूळ स्वच्छ, मशीनमधून निघालेले, पिशवीवर तसं छापलेलंही असे. तरी अक्का रोज दुपारी खिडकीशी बसून ते निवडायची. आई म्हणे, "वन्सं, यात खडा नसतोच." अक्का म्हणे, "नसेना. नाही म्हणून बघायचं सोडलं, तर निघेल त्या दिवशी दात जाईल." खोलीत वाफेचा हीटर होता, तो मधूनच टक टक करायचा. अक्काच्या हिशेबी ती पाल चुकचुकायची. हीटर वाजला की ती बोटाने जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणे. आजही घरात कुठलं मशीन अवेळी वाजलं की माझं बोट आपोआप टेबलावर आपटतं. तुमच्या आजोबांना वाटतं, मी वैतागले आहे.

अक्काला इंग्रजी तीन शब्द येत होते: नो, थँक्यू आणि टू मच. सकाळी आठ ते दुपारी साडेतीन ती घरात एकटी. बाहेर बर्फ, खाली ओळखीचं कुणी नाही. मी शाळेतून आले की ती मला थालीपीठ आणि लोणी द्यायची आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायची, कारण दिवसभरात तिच्याशी बोललेलं पहिलं माणूस मी असे. मग पाच वाजता आम्ही टीव्ही लावायचो. त्या वेळी एका विनोदी मालिकेचे जुने भाग रोज लागत. युद्धाचे दिवस, कुठलासा डोंगराळ मुलूख, आणि तंबू ठोकून उभारलेलं लष्करी इस्पितळ. बाहेर तोफा, आत डॉक्टर, नर्सा, जखमी सैनिक आणि सगळ्यांची अखंड थट्टामस्करी. "लढाईत थट्टा कसली करतात मेले?" अक्काने पहिल्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, "त्यातला डॉक्टर म्हणतो, रडत रडत टाका घातला तर टाका वाकडा येतो." अक्काला हे पटलं. शिवणकाम केलेलं होतं तिने. ती पदर खोचून, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सांग पुढे."

हे भाषांतर खरं होतं. पहिल्या आठवड्यातली बहुतेक भाषांतरं खरीच होती.

पण त्याच सुमारास मी शनिवारी जवळच्या एका इस्पितळात स्वयंसेवक म्हणून जायला लागले होते. पाण्याचे जग भरायचे, फुलं पोचवायची, म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. एवढ्यावरच मी ठरवून टाकलं की मला नर्स व्हायचं. आता हे वाचून तुम्हाला यात विशेष काय, असं वाटेल. आमच्या मराठी मंडळात मात्र तेव्हा मुलींसाठी दोनच रस्ते होते, एक डॉक्टर आणि दुसरा फार्मसी. बाबांनी माझ्यासाठी फार्मसी पक्की केली होती. नर्सिंग म्हटलं की "लोकांची भांडी उचलायला अमेरिकेला आणलं का?" हे वाक्य ठरलेलं, आणि भांडी म्हणजे कुठली भांडी हे सगळ्यांना कळायचं. प्रवेशाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. बाबांची सही म्हणजे अक्काचं मत. आणि अक्काला नर्स म्हणजे काय हे कळण्याचं जगात एकच ठिकाण होतं, ते म्हणजे रोज संध्याकाळी पाच वाजताचं ते तंबूतलं इस्पितळ, ज्याचा प्रत्येक शब्द माझ्या तोंडून तिच्यापर्यंत पोचत होता.

तर मी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मालिकेत एक सर्जन होता, जाडा, मिशीवाला, ऑपरेशन करताना शीळ घालणारा. अक्काने त्याचं नाव ठेवलं शिट्टीवाला. नर्सांची प्रमुख होती ती कुरळी. शिट्टीवाला आणि कुरळी यांचं पहिल्या भागापासून जे काही चाललं होतं ते मिरजेच्या रस्त्यावर उभं राहून बघितलं तरी कळलं असतं. तो सारखा तिच्या तंबूकडे घुटमळायचा, ती त्याला हाकलायची आणि मग स्वतःच बोलवायची. अक्काने भुवया उंचावल्या. "हा सारखा तिच्यामागे काय गं?" मी थालीपीठाचा घास गिळला आणि म्हटलं, "मानलेला भाऊ आहे तिचा." अक्काचा चेहरा एकदम मऊ झाला. "अस्सं. परमुलखात तेवढाच आधार." झालं. त्या दिवसापासून माझ्या अंगावर एक संपूर्ण भावाबहिणीचं नातं येऊन पडलं आणि मी ते चार महिने सांभाळलं.

सोपं नव्हतं ते. पत्र्याच्या मगातून डॉक्टर मंडळी रोज जे प्यायची ते मी काढा म्हणून सांगितलं. अक्काला कौतुक वाटलं, इतक्या दूरच्या लोकांना काढा माहीत आहे याचं. "पण काढा घेऊन इतकं खिदळतात का?" "थंडीचा काढा आहे, अक्का. अंगात ऊब येते." दुसऱ्या दिवशी बाबांना सुंठ-मिरीचा काढा मिळाला आणि तो पिऊनही ते हसत नाहीत म्हणून अक्का नाराज झाली. मालिकेत हशा ऐकू यायचा, तो पडद्यावर न दिसणाऱ्या माणसांचा. "हे कोण हसतंय?" "शेजारच्या तंबूतली माणसं." "फार रिकामटेकडी आहेत," अक्का म्हणाली, आणि पुढे ती शेजाऱ्यांवर नजर ठेवायला लागली. ऑपरेशनच्या वेळी हशा नसे. तेव्हा ती म्हणे, "आज शेजारी गप्प आहेत हो." इतके भाग झाले तरी कुरळीने भावाला राखी कशी बांधली नाही, असा प्रश्न आला तेव्हा मी दोन दिवस बेजार होते. नशिबाने तिसऱ्या दिवशी शिट्टीवाल्याच्या मनगटाला कापलं आणि कुरळीने त्यावर बँडेज गुंडाळलं. "बघ!" मी ओरडलेच. अक्काने दोन्ही हात जोडले. "धाग्याचं काय घेऊन बसायचं. भाव महत्त्वाचा."

आणि चुंबनं? त्यांच्यासाठी माझ्याकडे अँटेना होती. टीव्हीवर सशाच्या कानांसारख्या दोन काड्यांची अँटेना असे. दोन चेहरे एकमेकांच्या जवळ यायला लागले की मी उठायचे, "चित्र हलतंय" म्हणायचे आणि टीव्हीसमोर उभी राहून काड्या फिरवायचे. पाठमोरी मोजायचे, एक, दोन, तीन, चार. अक्का मागून म्हणायची, "अगं, आत्ता तर बरं दिसत होतं."

अजून एक गोष्ट मी बदलली. ती नर्सिंगसाठी नव्हे. त्या इस्पितळात कधी कधी सैनिक मरायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा अक्का पुढे झुकून, पदराचं टोक मुठीत धरून बघत होती. लाल केसांचा एक पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, आईला पत्र सांगत होता आणि कुरळी लिहून घेत होती. पत्र अर्धंच राहिलं. कुरळीने चादर त्याच्या तोंडावरून वर ओढली. अक्काने माझ्याकडे बघितलं. आणि मला सांगता येईना. दिवसभर एकटी बसलेली म्हातारी, तिचा एकमेव आनंद हा, आणि मी तिला काय सांगू? मी म्हटलं, "झोपला. आता बरा होऊन घरी जाईल." "तोंडावरून पांघरूण?" "इथे थंडी फार, अक्का." तिने मान हलवली. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती पुटपुटली ते मी ऐकलं. "त्या लाल केसांच्या पोराला आईपर्यंत नीट पोचव रे बाबा." पुढे जेव्हा जेव्हा चादर वर गेली, तेव्हा तेव्हा मी त्यांना थंडी वाजवली. अक्काच्या इस्पितळात चार महिन्यांत एकही माणूस दगावला नाही. असं इस्पितळ मला पुढच्या सगळ्या नोकरीत कुठे सापडलं नाही.

अर्ज शुक्रवारी पोस्टात पडायला हवा होता. मी ठरवलं होतं की गुरुवारी अक्काशी बोलायचं. तयारी उत्तम झाली होती. अक्का आता स्वतःहून म्हणायला लागली होती, "किती सोज्वळ बाई आहे गं ती कुरळी. अशा हाताखाली एखाद्या मुलीचं कल्याण होईल." आणि बुधवारी बर्फ पडला.

साधासुधा नव्हे. शाळा बंद, लायब्ररी बंद, बाबांची कंपनी बंद. बाबा खाली गाडी उकरत होते. समोरच्या इमारतीतल्या काळेकाकांचा हीटर बंद पडला म्हणून काका आणि काकू गुडघाभर बर्फातून आमच्याकडे आले. काकूंच्या हातात तिळाच्या वड्यांचा डबा, काकांच्या हातात काही नाही. काळेकाका इलेक्ट्रिकल इंजिनियर होते, आणि जगातली प्रत्येक वस्तू आपण हात लावल्याशिवाय बरोबर चालू शकत नाही असं त्यांचं मत होतं. आईने भाजणीचे वडे तळायला घेतले, घरभर खमंग वास सुटला, आणि पाच वाजता अक्का म्हणाली, "लाव गं आपलं इस्पितळ. काळ्यांनाही बघू दे."

बर्फामुळे चित्राला मुंग्या येत होत्या. मी उठणार, तेवढ्यात काका पुढे झाले. "तू बस, वसू. हे तुझं काम नाही. माणसाच्या शरीरातून सिग्नल कसा जातो बघ." त्यांनी एका हातात अँटेना धरली, दुसरा हात खिडकीच्या गजाला लावला आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. आमच्या घरात टीव्हीचं चित्र तितकं स्वच्छ त्याआधी कधी आलं नव्हतं, त्यानंतरही आलं नाही. प्रत्येकाच्या मिशीचा केस न केस दिसत होता.

त्या भागात शिट्टीवाल्याची बदली होती. ट्रक तयार उभा, पेटी चढवलेली. कुरळी तंबूतून बाहेर आली. मला कळलं की आता काय होणार. "काका, मी धरू का? तुमचा हात दुखेल." "गप्प बस, हललो तर चित्र जाईल." कुरळी धावली. शिट्टीवाल्याने तिला उचललं. आणि त्या दोघांनी जो मुका घेतला, बाळांनो, तो मी चारपर्यंत मोजला, आठपर्यंत मोजला, बारा झाले तरी संपेना. शेजारच्या तंबूतली माणसं टाळ्या वाजवायला लागली.

अक्काच्या हातातला वडा तसाच राहिला. "अगं बाई! भाऊ-बहीण ना ही?"

"कोण भाऊ-बहीण?" काका अँटेना न सोडता म्हणाले. "अहो अक्का, यांचं तर पहिल्यापासून चालू आहे! अख्ख्या कॅम्पला माहीत आहे."

"अहो," काकू म्हणाल्या. "जरा हळू."

"हळू काय? सगळ्या अमेरिकेला माहीत आहे!"

"ते काढा घेतात, त्यामुळे..." अक्का म्हणाली.

"काढा?" काकांना इतकं हसू आलं की चित्र हललं. "जिन आहे ती, अक्का! तंबूत भट्टी लावलीय त्यांनी! दारूची!"

"आणि ती राखी?"

"कसली राखी?"

स्वयंपाकघरातून आई झारा घेऊन बाहेर आली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी सतरंजीवरच्या फुलांकडे बघत होते. मला वाटलं, यापेक्षा वाईट काही होणार नाही. तेवढ्यात अक्काचा चेहरा बदलला. तिने वडा बशीत ठेवला, हात पदराला पुसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग ते तोंडावरून पांघरूण घेतलेले?"

काकांचं हसू थांबलं. त्यांनी अँटेना खाली ठेवली. चित्र गेलं. "वसू," ते म्हणाले, "हे तू सांग बाई."

मी परत सतरंजीवरची फुलं मोजायला लागले. हीटर टक टक वाजला. अक्काने बोट आपटलं नाही. ती उठली, कोरडं लुगडं घेतलं आणि न्हाणीघरात जाऊन तिने दार लावलं. आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

बाबा वर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर फावडं होतं, भुवयांवर बर्फ होता, आणि समोर अक्का डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून उभी होती. "अक्का! या थंडीत डोक्यावरून? कोण गेलं?"

"सतरा जण," अक्का म्हणाली.

बाबांच्या हातून फावडं काकांच्या बुटावर पडलं. "सतरा? कऱ्हाडात? पूल पडला का? तार आली का?"

"तंबूत," अक्का म्हणाली. "परक्यांचं सूतक नसतं, ठाऊक आहे मला. पण मी ओळखत होते त्यांना. चार महिने मी त्यांना घरी पोचवतेय, आणि ते मेलेले."

मग सगळं बाहेर आलं. वडे गार झाले. मी अर्ज आणून टेबलावर ठेवला आणि एका दमात सांगितलं. नर्सिंग, शुक्रवार, सही, आणि हे सगळं कशासाठी केलं ते. बाबा "नर्सिंग?" असं तीन वेळा म्हणाले, प्रत्येक वेळी एक पट्टी वर. भांड्यांचं वाक्यही बोलून झालं. आणि मग सवयीप्रमाणे ते अक्काकडे वळले. "तू सांग हिला, अक्का."

"मला विचारू नकोस," अक्का म्हणाली. "मला काय माहीत? त्या इस्पितळातलं एक अक्षर मला खरं माहीत नाही."

त्या घरात मी अक्काला अनेकदा हो म्हणताना ऐकलं होतं, त्याहून अनेकदा नाही म्हणताना. मत नाही, असं म्हणताना मात्र पहिल्यांदाच ऐकलं, आणि नाहीपेक्षा ते फार वाईट होतं. अर्ज टेबलावर पडून राहिला, त्यावर काकूंची तिळाची वडी. काळे पतीपत्नी आपला थंड हीटर बरा, असं म्हणून लवकर घरी गेले.

गुरुवारी शाळा उघडली. घरी आले तर थालीपीठ झाकून ठेवलेलं होतं, पण अक्का समोर बसली नाही. ती खिडकीशी, टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. पाच वाजले. मी टीव्ही लावला नाही. पायातले मोजे काढले आणि तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले. "अक्का, सांगते. पहिल्यापासून."

"काढ्याचं नको," ती परातीतून मान वर न करता म्हणाली. "ते काळ्यांनी सांगितलं. पांघरूणवाले सांग. लाल केसांचा?"

"तो... बरा नाही झाला."

"बरा नाही झाला म्हणजे? अजून आजारी आहे?"

"नाही."

"मग?"

"वारला, अक्का."

"कधी?"

"पत्र सांगतानाच. 'आई, इथलं जेवण' एवढं म्हणाला आणि पुढचं राहिलं."

अक्काचा हात थांबला. थोड्या वेळाने परत चालू झाला. "दुसरा?"

दुसरा तो, ज्याने बुटांची नाडी बांधून मागितली होती. तिसरा दाढीवाला. चौथ्याच्या वेळी मला रडू फुटलं. मी स्वतःच हैराण झाले. सगळी खोटी माणसं, रंग फासलेली, शूटिंग संपलं की उठून घरी जाणारी. आणि मी नाक पुसत बसलेली. मला वाटलं, अक्का आता पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "रड. पण सांगत राहा. थांबलीस तर मला कळणार कसं?"

मी सांगत राहिले. सतरापर्यंत. अक्काला प्रत्येक जण आठवत होता, माझ्यापेक्षा जास्त. दोन माझ्याकडून सुटले ते तिने दाखवले. शेवटी ती म्हणाली, "आणि ती कुरळी? हे सगळं झाल्यावर काय करायची?"

"तंबूमागे जाऊन रडायची. मग तोंड धुऊन परत कामाला उभी राहायची."

"हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस," अक्का म्हणाली. त्या सगळ्या प्रकरणात ती रागावली असेल तर या एका वाक्यापुरती. "बाई चांगली होती की मग. राखीशिवायही."

रात्रीच्या जेवणाला आमटी-भात आणि कालचे उरलेले वडे होते. अक्काने भातावर तूप घेतलं आणि बाबांना म्हणाली, "सही कर."

"अक्का! काल तू म्हणालीस मला माहीत नाही."

"काल हिला येत नव्हतं. आज आलं."

"एका दिवसात नर्सिंग आलं?"

"वाईट बातमी समोर बसून, डोळ्यात बघून सांगता आली. बाकीचं कॉलेजवाले शिकवतील, त्याचे ते पगार घेतात. आणि भांड्यांचं म्हणशील, तर लहानपणी तुझी मीच उचलली आहेत. मला अजून काही झालेलं नाही."

बाबांनी घास गिळला. मग खिसे चाचपले. "माझा चष्मा कुठे आहे? असं वाचल्याशिवाय..." ते उठून आतल्या खोलीत गेले. खणांचा आवाज यायला लागला. आईने शांतपणे हात धुतले, पर्समधून पेन काढलं, अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, वडीच्या तेलाचा डाग बोटाने पुसून पाहिला आणि सही केली. "पालकांपैकी कुणीही, असं लिहिलंय," ती म्हणाली. "वन्सं, अजून आमटी वाढू?" बाबा चष्मा लावून आले तेव्हा ते पाकीट बंद झालेलं होतं. त्यांनी चष्म्यातून पाकिटाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तिकीट तरी मी लावतो." शुक्रवारी ते पाकीट पोस्टात टाकून आले तेही बाबाच.

पुढे अक्काने ती मालिका पहिल्यापासून परत पाहिली, सगळी, खऱ्या भाषांतरासकट. मुका आला की ती स्वतःच खिडकीकडे तोंड फिरवायची आणि विचारायची, "झालं का?" काढ्याच्या जागी ती आता "घेतली मेल्यांनी" म्हणायची. कुणी मेलं की मी टीव्हीचा आवाज बंद करून तिला सांगायचे, आणि ती दिवा लावायची.

मी नर्स झाले. आयुष्यभर सर्जरीच्या वॉर्डात काम केलं. नव्या मुलींना शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना दोनच गोष्टी सांगायचे: खुर्ची ओढून बसा, आणि तो शब्द उच्चारा. 'बरा नाही झाला' असं म्हणू नका. समोरच्या आईला वाटतं, अजून आशा आहे. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं एकीने विचारलं होतं. मी म्हटलं, पुस्तकात असेलही, मी तांदळाच्या परातीशी शिकले. अक्का गेली तेव्हा बाबा इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये उभे होते. मी त्यांना खाली बसवलं, शेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, अक्का वारली." ते म्हणाले, "बरं केलंस, सरळ सांगितलंस." मग आम्ही दोघं रडलो आणि मी फॉर्म भरायला उठले.

म्हणून, ईरा, तुझ्या नागपूरच्या आजीला खरं काय ते सांग. गळ्यात पडल्याचं सांगितलंस तर काही बिघडत नाही, त्या सगळं बघून बसल्या आहेत. पण कधी कुणी मेलं, तर त्यांना पेपर वाईट गेला म्हणून सांगू नकोस.

ते अपार्टमेंट आता पाडलं. टीव्ही गेला, अँटेना गेली, काळेकाका गेले. अक्काची परात माझ्याकडे आहे. तीत मी रोज तांदूळ निवडते. अजून एकही खडा निघालेला नाही.